गोड्या झऱ्याचे तपकिरी वलय

माझ्यावर सर्वांत मोठे ऋण कुणाचे, असे कुणी विचारले तर मी आधी खराडे मास्तरांचे नाव घेतो. वडिलांना त्याचे वाईट वाटत नाही. ते रस्त्याच्या कामावर खडी फोडत. ते स्वतःच म्हणतात, "पोरगं माझं, पण माणूस मास्तरांनी केलं."

मास्तर दहिवडीला आम्हाला शास्त्र शिकवत. शाळेत प्रयोगशाळा म्हणून एक कपाट होते आणि त्याची किल्ली हरवलेली होती. म्हणून मास्तर आम्हाला गावातल्या विहिरींवर नेत. ओंजळ भरायची, पाणी जिभेवर फिरवायचे, थुंकायचे आणि सांगायचे: मचूळ, तुरट, खारट की गोड. ते म्हणत, "गढूळ पाणी बिचारं प्रामाणिक असतं. स्वच्छ दिसेल त्याच्यावर जास्त संशय घ्या." मॅट्रिकनंतर त्यांनीच मला कोल्हापूरला नेले आणि वसतिगृहाचे रेक्टर 'हो' म्हणेपर्यंत ते दारातून हलले नाहीत. आमच्या घराण्यात बी.एस्सी. झालेला मी पहिला. घराण्यात दाराशी मोटार आलेलाही मीच पहिला; पण त्या मोटारीची गोष्ट पुढे येईल.

साठ सालानंतरची ही हकिकत. मी एका सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होतो. नव्या बंधाऱ्यांच्या भरवशावर कारखान्याला आमच्या माणदेशापर्यंत ऊस वाढवायचा होता. मॉरिशसला पांढऱ्या खतावर ऊस कसा पोसतात ते पाहून ये आणि अहवाल दे, असे सांगून मला पाठवले. पांढरे खत म्हणजे अमोनियम सल्फेट. दिसायला मिठासारखे, आणि त्यातला नत्र पिकाला लगेच लागू पडतो. मी ते काम देवाचा प्रसाद घ्यावा तसे घेतले. बोटीवरच्या दिवसांबद्दल काही सांगण्यासारखे नाही. मी बहुतेक वेळ आडवा होतो.

बो बासें

पहिले काही दिवस मी बो बासेंला हरिभाऊंकडे उतरलो. हे तिथल्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवत. त्यांचे पणजोबा रत्नागिरीकडून ऊस तोडायला इकडे आले. घरात मराठी बोलतात, पण वाक्य मराठीत सुरू होते आणि क्रेओलमध्ये, म्हणजे तिथल्या फ्रेंच वळणाच्या बोलीत, जाऊन टेकते. मी शुद्ध बोलायला लागलो की हरिभाऊंची मुले एकमेकांकडे बघून हसत. "तुम्ही पुस्तकासारखं बोलताव," हरिभाऊ म्हणाले, "आमचं पुस्तक न्हाय, निसती पाठांतराची गानी."

सकाळी पाव, लोणी आणि वर कुटलेल्या मिरचीची चटणी. चहात व्हॅनिलाचा वास. पहिल्या घोटाला मला वाटले की दुधात काहीतरी पडले आहे, आणि मी मास्तरांच्या शिकवणीप्रमाणे तो जिभेवर फिरवला. वहिनी म्हणाल्या, "आयो, तुमच्यात काय च्या थुंकून पितान?"

आपल्याकडे पाहुण्याला पहिला प्रश्न असतो, गाव कोणते? इथे हरिभाऊंच्या ओळखीचे जे जे भेटले त्यांनी विचारले, "कुणाकडून आलाव?" मी साखरेच्या कामासाठी आलो असे सांगितले की ते मान हलवत आणि हवापाण्याचे बोलू लागत. हा प्रश्न असा का विचारतात, ते दक्षिणेत गेल्यावर कळले.

मळ्याचा चहा

प्लेन मान्येनकडच्या एका ऊसमळ्यात माझी पुढची सोय होती. मळा कसला, समुद्रच तो हिरवा. मधेमधे शेतातून वेचलेल्या काळ्या दगडांचे ढीग उभे. दगड आपल्या दख्खनच्या दगडाचा सख्खा भाऊ, फक्त जास्त भोकांचा. बायका कमरेला टोपली लावून ओळीने चालत आणि उसाच्या बुडाशी मूठमूठ पांढरे खत टाकत. अशा शिस्तीत काम चाललेले मी आपल्याकडे कधी पाहिले नव्हते. मी भारावून टिपणे केली.

मळ्याचे दुय्यम व्यवस्थापक गोरे होते, घराणे मूळचे फ्रेंच. त्यांनी मला व्हरांड्यात बसवून चहा पाजला, केक दिला, माझ्या गावाची चौकशी केली. तिसरा कप ओतला तेव्हा मला संशय आला. एवढा चहा मला विनाकारण कुणी पाजत नाही.

मग ते मुद्द्यावर आले. खाली किनाऱ्याला एक लहान खाडी आहे. तिथे मराठी लोक गणपती विसर्जन करतात. काही वर्षांपासून तिथले पाणी हिरव्या शेवाळाने भरते, मासे नाहीसे झाले, कोळी चिडले आहेत. येत्या रविवारी गावसभा आहे. मूर्तीच्या रंगाने पाणी नासते असे कोळ्यांचे म्हणणे, आणि साहेबांनाही तसेच वाटत होते. "तुम्ही रसायनतज्ज्ञ आहात, शिवाय हिंदू. तुम्ही दोन शब्द बोललात तर कुणाला वाईट वाटणार नाही."

मी पाहून सांगतो म्हणालो. त्यांनी लगेच मोटार दिली. मोटार मागितली नसताना मिळाली, हेही मी मनात नोंदवून ठेवले.

खाडीवर

त्या वस्तीचे नाव इथे लिहीत नाही. तिथल्या लोकांनी तशी विनंती केली आहे. पत्र्याची घरे, दारात शुशू नावाच्या फळभाजीच्या वेलांचे मांडव, आणि घराघरासमोर बांबूला लाल झेंडी. हरिभाऊ सुट्टी काढून माझ्याबरोबर आले होते, कारण त्यांचे चुलते विठूकाका तिथले मानकरी. गणपती त्यांच्या घरचा, मिरवणूक त्यांच्या शब्दावर निघायची.

काकांनी मोटारीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "इंदियातून आलाव म्हनतान. इंदिया मळ्याच्या मोटारीतून येते काय?"

"काका, ते आपले पाहुणे," हरिभाऊ म्हणाले.

"आपले तर चालत येतान."

गंगाकाकी आतून ओरडल्या, "आदी मांझे करू दे त्याला, मंग भांडा!" मांझे म्हणजे जेवण. वाटाण्याच्या डाळीची पुरी, पालेभाजीचा पातळ रस्सा, टोमॅटोत शिजवलेला सुका मासा. गणपती बसायला थोडेच दिवस होते, तरी घरात मासा? आपल्याकडे श्रावणात कुणी वासही घेणार नाही. काकी म्हणाल्या, "गणपती आला की न्हाय खात. आला न्हाय तवर त्याला काय कळते?"

जेवणानंतर मी परसात हात धुवायला गेलो. मागे उतारावर, खाडीच्या अगदी वर, काटेरी कुंपणाचा एक तुकडा होता. आत दूर्वा. अशा दूर्वा मी जन्मात पाहिल्या नव्हत्या: काळपट हिरव्या, गुडघ्याला लागतील एवढ्या. मी कुंपणाशी गेलो तसे काका धावत आले.

"थय न्हाय जायचा. सोवळा हाय."

मी मागे फिरलो. पण सोवळ्याला आपण नुसते हात जोडून सांगतो, धावत येत नाही. काकांच्या चेहऱ्यावर मला भक्ती दिसली नाही, भीती दिसली.

खाडी सुंदर होती, आणि म्हणून मी तिच्यावरही संशय घेतला. दूरवर पोवळ्यांच्या बांधावर समुद्र फुटत होता. आत पाणी काचेसारखे. काठाजवळ वाळूतून गोड्या पाण्याचा झरा उसळत होता. ओहोटीला तो उघडा पडतो. मराठी लोक त्याला गंगा म्हणतात. गंगा सागराला मिळते तिथे देव पोचवायचा, म्हणून ही जागा. मी ओंजळ भरून जिभेवर फिरवली. गार, गोड, निर्मळ. झऱ्यापासून खाली मात्र हिरव्या शेवाळाची सतरंजी पसरली होती, पोवळ्यांच्या फांद्यांवरून ओढलेली, जशी मेलेल्या माणसावर चादर ओढतात.

मी त्यात उतरलो, घसरलो, एक चप्पल गेली आणि त्याच उघड्या पायात समुद्री साळू घुसला. साळू म्हणजे काळ्या काट्यांचा गोळा. मी ओरडलो. होडीजवळ बसलेले कोळी हसले. त्यांच्यातला एक उठून आला. रुंद, पिकलेल्या केसांचा, गळ्यात क्रॉस. हा गाब्रिएल, कोळ्यांचा म्होरक्या.

"पा बूझे!" तो म्हणाला. हलू नको. त्याने माझा पाय मांडीवर घेतला, लिंबू चोळले आणि सुईने काटे काढू लागला. हरिभाऊ भाषांतर करत होते.

"तू कुणाचा? मळ्याचा की गणपतीवाल्यांचा?"

"कुणाचाच नाही."

"मग तुझा पाय कुणी सोडवायचा?" आणि त्याने काटा जरा जोरातच उपटला.

त्याने सांगितले ते असे. वारा पडलेला असतो अशा दिवसांत पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडतात, जणू त्यांना श्वास लागलाय. मग काही मरतात, बाकी निघून जातात. "लामेर मालाद," तो म्हणाला. समुद्र आजारी आहे. मी विचारले, साठ सालच्या मोठ्या वादळाने पोवळी मोडली, त्यानंतर का? तो म्हणाला, वादळ सगळ्या किनाऱ्यावर आले, शेवाळ इथेच का? मराठी लोक म्हणत होते की कोळीच सुरुंग लावून मासे मारतात. त्यानेच खाडी नासली. ते मी विचारले तसा तो सुई पुसू लागला. म्हणजे त्यातही थोडे खरे असावे.

खाडीच्या टोकाला चुन्याची भट्टी धुमसत होती. समुद्रातून उपसलेली पोवळी आत जळत होती. हा चुना घरांना लागतो आणि साखर कारखान्याला रस निवळायला लागतो. आमच्या कारखान्यातही तेच, फक्त आमचा चुना दगडाचा. पोवळ्याचा किडा पाण्यातला कार्बन युगानुयुगे दगडात बांधतो, आणि भट्टी तो एका दिवसात धूर करून सोडते. त्या धुरातला बराच भाग पुन्हा समुद्रच पितो, असे मी एका शास्त्रीय मासिकात वाचले होते, आणि त्याने समुद्राचे पाणी हळूहळू किंचित आंबट होत असावे असेही. व्हिनेगरमध्ये खडू टाकलेला ज्याने पाहिला आहे, त्याला पुढचे सांगायला नको. ऊस, साखर कारखान्याची चिमणी, भट्टी, झरा: सगळे एकमेकांच्या इतके जवळ होते की कुणा एकाकडे बोट दाखवताना ते थरथरावे.

मूठ

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी लंगडत वस्तीत परतत होतो. कामावरून सुटलेल्या बायका एकेक करून काकांच्या परसात शिरत होत्या. प्रत्येकीने कुंपणापाशी पदराची गाठ सोडली, काहीतरी पांढरे दूर्वांवर उधळले, हात जोडले आणि निघून गेली.

मी ते ओळखले. मीठ नव्हते ते.

काकांनी मला पाहिले. आता लपवण्यासारखे काही उरले नव्हते. ते खाली बसले. "गणपतीची मूठ," ते म्हणाले. खत टाकायच्या दिवसांत पहिली मूठ मळ्याच्या उसाला नाही, गणपतीच्या दूर्वेला. त्यांच्या आजोबांच्या वेळी शेणाची मूठ असे. मळ्यात पोती आली तशी पांढरी मूठ आली. "दूर्वा कशी हाय बघा. सगळ्या मॉरिसात न्हाय अशी." मग आवाज खाली आला. "मळ्याचा माल हाय. कळला तर सगळ्या बायकांचा काम जाईल. तुमी मोटारीतून आलाव म्हणून..."

दूर्वांचा तो तुकडा झऱ्याच्या डोक्यावर होता. पाऊस पडला की ती मूठ सरळ गंगेत.

मला त्या क्षणी वाटले, सापडला चोर. आणि लगेच वाटले, इतक्या लवकर सापडला म्हणून संशय घ्यावा.

हरिभाऊंच्या शाळेत

आम्ही तीन बाटल्या भरल्या. एक झऱ्याची. एक दूर्वांच्या बरीच वर, उसाच्या कडेला असलेल्या जुन्या विहिरीची. तिथे वस्तीचे पाणी पोचूच शकत नाही. तिसरी गाब्रिएलच्या घरच्या पिंपातली, छपरावरून गळलेल्या पावसाची. समुद्राचे पाणी मुद्दाम घेतले नाही. त्यातले क्षार या परीक्षेला फसवतात.

शाळेत तिन्ही पाणी सारख्या मापाने आटवले. मग परीक्षानळीत पाणी, त्यात ताजा हिराकस, आणि नळी तिरपी धरून काचेच्या अंगाने गंधकाम्ल सोडायचे, अलगद, हात न थरथरता. जड आम्ल तळाशी बसते. पाण्यात नायट्रेट असेल तर दोन्ही जिथे टेकतात तिथे तपकिरी वलय उमटते.

झऱ्याच्या पाण्यात वलय आले. मग विहिरीचे पाणी: तेवढेच गडद वलय. पावसाचे: काही नाही. हरिभाऊंना वाटले हिराकस जुना असेल. मला वाटले नळ्या धुतलेल्या नसतील. पुन्हा केले. पुन्हा तेच.

म्हणजे असे. ऊस सगळे खत खात नाही. उरलेल्याचे मातीतले जंतू नायट्रेट करतात, पाऊस ते त्या भोकाभोकांच्या दगडातून खाली नेतो आणि जमिनीखालून ते समुद्राच्या तळाशी फुटते. मळ्यातली शेकडो एकरांची मूठ त्या झऱ्यात होती. त्या खाऊवर शेवाळ माजते, पोवळ्यांना सूर्य मिळू देत नाही. मेले की कुजते. कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते. गाब्रिएलचे मासे पहाटे तोंड उघडतात ते त्यामुळे. मूर्तीचा रंग, नारळ, फुले ही वर्षातून एकदाच. त्याने हे होत नाही.

आणि दूर्वा? दूर्वांचा वाटा एवढा लहान की वलयात दिसत नव्हता. पण दिसत नाही म्हणजे नाही, असे मास्तरांनी मला शिकवलेले नाही.

शनिवारी मी काकांना तसेच सांगितले. "काका, विसर्जनाचा दोष नाही. दोष वरून येतोय. पण थोडा आपलाही आहे."

"तुमी कुणाच्या बाजूचे?" त्यांनी विचारले.

"पाण्याच्या."

"पाणी भाकर देते काय?" ते उठून गेले. काकी भांडी घासत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारले, "आनि तुमी इथे काय शिकायला आलाव, पोरा? तोच सेल टाकायला ना, तुमच्या देशात?" सेल म्हणजे मीठ. पांढऱ्या खतालाही तिथे सेलच म्हणत.

बदामाखाली

गावसभा होड्या लागतात तिथल्या बदामाच्या झाडाखाली भरली. एका बाजूला कोळी, एका बाजूला मराठी. मधे एवढी जागा की बैलगाडी जाईल. मळ्याकडून सरदार आला होता. सरदार म्हणजे मजुरांचा मुकादम. पहाटे कुणाला कामावर हाक मारायची ते त्याच्या हातात. तो खुर्ची आणून बसला.

मी वलय दाखवले. गाब्रिएल म्हणाला, "बाटलीत रंग तूच टाकलास."

"मग तूच ओत."

त्याच्या हातून करवले. आम्ल कसे धरायचे तेवढे सांगितले. मासेमाराचा हात, माझ्यापेक्षा स्थिर. त्याच्या स्वतःच्या पिंपातले पाणी स्वच्छ राहिले. झऱ्याच्या पाण्यात वलय उमटले. विहिरीच्या पाण्यात उमटले. तो बराच वेळ नळी उन्हात धरून पाहत राहिला. "गेते," तो आपल्या लोकांना म्हणाला. बघा. आणि मग त्याने वर, उसाकडे पाहिले. सगळ्यांनी पाहिले. सरदाराने पाय बदलला.

"मिस्ये दिलो," गाब्रिएलने मला नाव ठेवले, पाणीवाले साहेब. "वरचं कळलं. आता खालचं सांग. ते कुंपणातलं गवत एवढं हिरवं कसं?"

कोळ्यांना ठाऊक होते. होडीतून उतार दिसतोच की. मराठी बायकांच्या बाजूला कुणी हलले नाही. सरदार खुर्चीत पुढे वाकला. हरिभाऊंनी भाषांतर केले नाही, तरी मला प्रश्न कळला होता. नाही म्हणावे तर मी मास्तरांचा विद्यार्थी नाही. हो म्हणावे तर इतक्या चुली विझतात.

विठूकाका उठले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"पाव्हन्याला खोटा बोलायला लावू नका," ते मराठीत म्हणाले. मग क्रेओलमध्ये, सरदाराकडे तोंड करून, सावकाश, म्हणजे हरिभाऊंना माझ्या कानाशी सांगता आले: "दूर्वेला सेल मी घालतो. मळ्याचा सेल. मी एकटा. दुसऱ्या कुणी न्हाय."

एका बाईने तोंडाला पदर लावला. सरदार वहीत काही लिहीत नव्हता. त्याला लिहायची गरज नव्हती. गाब्रिएल काकांकडे असा पाहत राहिला, जसा मघाशी नळीकडे पाहत होता. मग त्याने मान हलवली आणि त्याच्या माणसांना म्हणाला, यंदा गणपती याच खाडीत जाईल; ज्याला नको असेल त्याने माझ्या होडीत बसू नये.

सोमवारी पहाटे सरदाराने वस्तीत हाका मारल्या. काकांना हाक आली नाही. मी साहेबांना भेटून सांगितले की मूर्तीचा दोष नाही, उसाच्या कडेच्या विहिरीतही वलय आहे. त्यांनी या वेळी चहा मागवला नाही. मोटारही आली नाही. मी चालत वस्तीत गेलो, लंगडत, आणि काकांनी दारातून पाहून म्हटले, "आता आलाव इंदियातून."

विसर्जन

गणपती बसला, पाचव्या दिवशी उठला. त्या सकाळी काका नुव्हेल फ्रांसहून आले. तिथे डोंगरावर त्यांचा भाऊ भाजीपाला करतो. काका आता त्याच्याकडेच कामाला जाणार होते. येताना गाईच्या कुरणातल्या दूर्वा टोपलीत आणल्या होत्या. पिवळसर, आखूड, अर्ध्या किड्यांनी खाल्लेल्या. काकींनी जुडी बांधताना नाक मुरडले. "देव म्हणेल, यंदा विठूच्या घरी दुष्काळ पडला काय?"

"म्हणू दे," काका म्हणाले. "माणच्या माणसाला विचार, दुष्काळात देव राहतो की न्हाय." आणि माझ्याकडे पाहून पहिल्यांदा हसले.

कुंपणातल्या दूर्वा तशाच उभ्या होत्या. बायका त्यांच्याकडे न पाहता पुढे गेल्या. बायकांनी झाकरी धरली, म्हणजे गोल फिरत गायचा नाच; रत्नागिरीहून आलेल्या त्या गाण्यांचा ठेका मला नवा होता आणि शब्द अर्धे जुने. मूर्ती मातीचीच, गेरूने रंगवलेली. गाब्रिएलने होडी झऱ्यापलीकडे, शेवाळ नव्हते तिथे नेऊन लावली आणि वल्हे धरून उभा राहिला. काकांनी मूर्ती पाण्यात सोडली. गेरूचा एक तांबूस ढग उठला आणि बघता बघता विरून गेला. सगळे तो ढग विरेपर्यंत पाहत होते.

परत आल्यावर एस.टी.च्या कंडक्टरकडे देऊन खराडे मास्तरांना हे पत्र पाठवले.

*ती. स्व. मास्तरांस, कृ. सा. न. वि. वि.*

*आपल्या आशीर्वादाने सुखरूप परत आलो. तिकडची हकिकत सवडीने प्रत्यक्ष सांगेन. कारखान्याने अहवाल मागितला आहे. त्यात खताने ऊस किती वाढतो ते लिहिले आहे, कारण ते खरे आहे. आणि झऱ्याचेही लिहिले आहे, कारण तेही खरे आहे. चेअरमन साहेबांना दुसरा भाग काढून हवा आहे. मी काढणार नाही असे सांगितले. पुढे काय होईल ते माहीत नाही. तिकडे एका माणसाने माझ्यासमोर टोपी काढून खरे सांगितले आणि त्याला दुसऱ्या दिवशी हाक आली नाही. मला अजून तरी हाक येते आहे.*

*सोबत बाटली पाठवत आहे. त्या झऱ्याचे पाणी आहे. दिसायला अगदी निर्मळ आहे. मास्तर, आपल्या सवयीप्रमाणे ते जिभेवर घेऊ नका. नववीच्या मुलांसमोर त्याचे वलय करून दाखवा. मग शाळेच्या विहिरीचे पाणी घेऊन तीच परीक्षा करा. अजून आपल्याकडे खताचे पोते फुटलेले नाही, तेव्हा वलय येऊ नये. आले नाही, तर त्या पाण्याची एक बाटली भरून, बूच घट्ट लावून, वर तारीख आणि आपली सही करून त्या किल्ली हरवलेल्या कपाटात ठेवा. कपाट फोडावे लागले तरी चालेल. पुढे कुणी म्हणेल की आमच्या विहिरी पहिल्यापासूनच अशा होत्या. तेव्हा ती बाटली बोलेल.*

*वलय आलेच, तर मात्र मला तार करा. म्हणजे मला उशीर झाला असे समजेन, आणि लगेच दहिवडीला निघेन.*

*आपला विद्यार्थी*